गोव्याची नदीकडची बाजू: मांडवीतली बेटं, फेरीबोट आणि जुनी चर्च, खान्देशातून ग्रुपने कसं जायचं

आमच्या जळगाव-भुसावळकडे गोवा म्हटलं की सगळ्यांना फक्त बीच आठवतो. पोरं मित्रांबरोबर जाऊन येतात, घरच्या म्हाताऱ्या माणसांना कोणी विचारत नाही, कारण "त्यांना तिथे काय करायचंय". गेल्या जानेवारीत आम्ही चौदा जण गेलो, त्यात सहा साठीच्या पुढचे, दोन शाळकरी पोरं, बाकी आम्ही मधले. बीचवर फक्त एक संध्याकाळ घालवली, बाकीचे दिवस नदी, बेटं आणि जुनी चर्च. आमची अक्का, जिने आयुष्यभर गिरणा नदी बघितली तीही वर्षातले आठ महिने वाळूच, ती अजून त्या फेरीबोटीबद्दल बोलते. तेव्हापासून नात्यातले आणि सोसायटीतले लोक सारखे विचारतात की कसं केलं, काय बघितलं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो.

आधी नकाशा समजून घ्या, मग तिकीट काढा

पणजी आणि जुने गोवे ही दोन्ही ठिकाणं एका बेटावर आहेत हे गोव्याला पाच वेळा जाऊन आलेल्या माणसालाही माहीत नसतं, कारण आपण पुलावरून गाडीने येतो आणि खाली बघत नाही. तिसवाडी तालुका म्हणजे उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, म्हणजे चारी बाजूंनी पाणी. तिसवाडी म्हणजे तीस वाड्या, आणि पोर्तुगीज या भागाला इल्हास म्हणायचे, म्हणजे बेटंच. या मोठ्या बेटाला लागूनच मांडवीच्या पात्रात आणखी दोन मोठी बेटं आहेत, दिवाडी आणि चोडण. मोबाईलच्या नकाशात ती दिवार आणि चोराव अशा पोर्तुगीज वळणाच्या नावांनी दिसतात, तशीच जुने गोवे हे ओल्ड गोवा आणि रायबंदर हे रिबंदर म्हणून दिसेल. दोन्ही नावं वहीत लिहून ठेवा, कारण गावातला माणूस दिवाडी म्हणतो आणि मोबाईल दिवार म्हणतो आणि आपण मधे गोंधळतो.

एवढं समजलं की ट्रिप कशी आखायची हे आपोआप कळतं. रस्त्याने किती किलोमीटर हे नाही बघायचं, कुठून कुठे फेरी सुटते ते बघायचं. सगळा प्लॅन फेरीच्या धक्क्यांभोवती बसवा. आमची ट्रिप चांगली झाली ती या एका गोष्टीमुळे.

कधी जायचं

जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी. कापसाची बरीचशी वेचणी उरकलेली असते, घरातली माणसं मोकळी असतात, आणि नाताळ ते नवीन वर्ष ही गर्दी ओसरलेली असते. त्या दहा-बारा दिवसांत तर म्हाताऱ्यांना घेऊन अजिबात जाऊ नका. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं मोठं फेस्त असतं, त्याच्या आधी नऊ दिवस प्रार्थना चालतात, तो माहोल बघायचा असेल तर जरूर जा, पण मग निवांत चर्च बघायला मिळणार नाही, ही आपल्या यात्रेसारखी गर्दी समजा.

पावसाळ्यात दिवाडी हिरवीगार असते, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तिथे बोंदेराम नावाचा झेंड्यांचा उत्सव असतो. पण निसरडं आणि सतत पाऊस, तरुण ग्रुप असेल तर जा. आणि मे महिन्यात "आपल्याकडे ४५ डिग्री असतं, तिथे तर ३४ च आहे" असं म्हणून कोणी जाऊ नका. आपलं ऊन कोरडं, सावलीत बसलं की बरं वाटतं. तिथे सावलीतही घाम निथळतो आणि तो वाळत नाही, बीपीवाल्या माणसांना त्याचा खूप त्रास होतो.

रेल्वेचं रिझर्व्हेशन, इथे घाई करू नका

आपलं नशीब चांगलं की दिल्लीहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस भुसावळवरून जाते, मग मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा करत मडगावला आणि पुढे वास्कोला. गाडी न बदलता साधारण एक दिवस आणि एक रात्र. धुळे-नंदुरबारवाल्यांना भुसावळ किंवा मनमाड, जे सोयीचं पडेल ते. शिवाय २०२४ मध्ये जळगावहून गोव्याच्या मोपा विमानतळाला छोट्या विमानाची सेवा सुरू झाली, ज्यांना रेल्वेचा प्रवास झेपणारच नाही त्यांनी ते बघावं, पण सध्या कुठल्या वारी आहे ते आधी नक्की करा.

तिकीट आता ६० दिवस आधीपासूनच निघतं. एका पीएनआरवर सहाच माणसं बसतात, म्हणजे चौदा जणांना किमान तीन तिकिटं लागतात. इथे आमची एक चूक होता होता वाचली. मी सहा-सहा-दोन असं काढणार होतो, तेवढ्यात आमच्या एका भाच्याने, जो रेल्वेच्या तिकिटांचं काम करतो, सांगितलं की खालच्या बर्थचा जो ज्येष्ठांचा कोटा आहे तो मिळायला तिकिटावर फक्त एक किंवा दोनच ज्येष्ठ माणसं पाहिजेत. साठीच्या पुढचे पुरुष आणि ४५ च्या पुढच्या बायका यात बसतात. सहा जणांच्या तिकिटात म्हाताऱ्यांना कोंबलं तर तो कोटा मिळत नाही, मग मिळेल ती बर्थ. म्हणून आम्ही ज्येष्ठांची दोन-दोनची तीन तिकिटं वेगळी काढली आणि बाकीच्या आठ जणांची चार-चारची दोन. डबा एकच नाही मिळाला, दोन डबे आले, पण सहाही जणांना खालची बर्थ मिळाली आणि गुडघेवाल्या माणसाला खालची बर्थ म्हणजे काय हे ज्याच्या घरात असा माणूस आहे त्यालाच कळेल. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे, ती मिळेल असं घरात कोणाला सांगू नका.

सोबत काय न्यायचं

चोवीस तासांच्या प्रवासाला दशम्या. दुधात मळलेल्या, दोन दिवस मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा. पोळ्या नेल्या तर दुसऱ्या दिवशी चामड्यासारख्या होतात. ठेच्याची बरणी तिथेही कामाला येते, कारण शाकाहारी माणसाला गोव्यात मिळणारी भाजी गोडसर आणि नारळाची वाटते, तीन दिवसांनी आमच्या जिभाऊंची जीभ अगदी कंटाळली होती. पण सकाळचा नाष्टा मात्र तिथे सुंदर मिळतो, पातळ भाजी आणि ताजा पाव, मिरची भजी, केळ्याचे गोड बन्स, आणि ही छोटी छोटी हॉटेलं पणजीत गल्लोगल्ली आहेत. जेवणाआधी ऑर्डर देताना एवढंच स्पष्ट विचारा की भाजीत किंवा आमटीत सुकी मासळी आहे का.

बाकी यादी छोटी. प्रत्येकाकडे टोपी किंवा उपरणं, ओआरएस, डासांची क्रीम, पट्ट्याची न घसरणारी चप्पल कारण फेरीचा लोखंडी फळा ओला असतो, आणि खांदे-गुडघे झाकणारे कपडे. जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये हे कडक पाळतात आणि पाळायलाच पाहिजे, तिथे रोज प्रार्थना चालते. आपल्या नऊवारीतल्या, पदर घेतलेल्या बायकांना काहीच अडचण नाही, अडचण बर्मुडा घालून आलेल्या पोरांना होते. आमच्याही एका भाच्याला दारातून परत यावं लागलं आणि अक्काची शाल कमरेला गुंडाळून आत जावं लागलं.

राहायचं कुठे

पणजीत किंवा रायबंदरला. कळंगुट-बागाकडे स्वस्त पॅकेज दिसतं म्हणून तिकडे राहू नका, रोज येण्याजाण्यात आणि ट्राफिकमध्ये दोन तास जातात. पणजीहून जुने गोवे साधारण १० किलोमीटर, बस सारख्या सुटतात. जो रस्ता नदीच्या कडेने रायबंदरला जातो तो पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये खाजणातून, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनीतून, बांधलेला आहे, तीन किलोमीटरच्या वर लांब, आपण त्यावरून रोज ये-जा करतो आणि तो एक लांबलचक जुना पूल आहे हे लक्षातच येत नाही.

बुकिंग करताना फोनवर तीन गोष्टी विचारायच्या: जिना किती पायऱ्यांचा, संडास कमोडचा आहे का, आणि गरम पाणी किती वाजता येतं. फोटो बघून फसू नका. आम्ही जिथे उतरलो ते जुनं घर दिसायला फार छान होतं पण वर जायचा लाकडी जिना इतका उभा की आबांना खालच्या हॉलमध्येच गादी टाकून द्यावी लागली, ही माझी चूक, मी विचारलंच नव्हतं.

गाडी तिथेच भाड्याने घ्या. मडगाव स्टेशन ते पणजी साधारण ३५ किलोमीटर आहे, त्यासाठी आणि जुन्या गोव्याच्या दिवसासाठी टेम्पो ट्रॅव्हलर बोलावली तरी पुरे, रोज नको. दुचाकी किंवा कार भाड्याने घ्यायची तर काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर नको, पोलिसांनी धरलं तर निस्तरायचं आपल्यालाच. एकट्यादुकट्याला पायलट, म्हणजे मागे बसवून नेणारे मोटरसायकलवाले, फार उपयोगाचे.

पहिला दिवस: फक्त आराम आणि पणजी

पहाटे-सकाळी उतरल्यावर झोपा. संध्याकाळी पणजीतलं चर्च बघा, ते पांढरं, समोर नागमोडी जिना असलेलं, मूळ चॅपल १५४१ चं. वर जी घंटा आहे ती जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली, हे आधी सांगून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो पडका मनोरा बघताना सगळ्यांना धागा लागतो. मग फोंतैन्यासच्या गल्ल्यांमधून चालत फिरा, रंगीत घरं, पण ती लोकांची राहती घरं आहेत, कोणाच्या ओट्यावर बसून फोटो काढू नका. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याचे पातळ तुकडे लावलेले कुठे कुठे दिसतील, ते पोरांना दाखवा.

दुसरा दिवस: जुने गोवे, पूर्ण दिवस द्या

पॅकेजवाले जुने गोवे दीड तासात उरकतात. आम्हाला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा पुरलं नाही. इथली चर्च आणि मठ १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, चर्चमध्ये जायला तिकीट लागत नाही. रविवारी सकाळी प्रार्थना असते म्हणून रविवार टाळा, आणि शुक्रवारी पुरातत्त्व खात्याचं म्युझियम बंद असतं, म्हणजे सोमवार ते गुरुवार, नाहीतर शनिवार धरा.

सुरुवात बॉम जेझस बॅसिलिकापासून करा कारण दहानंतर बस भरभरून येतात. १५९४ ला पाया घातला, १६०५ ला पूर्ण झालं. आत संत फ्रान्सिस झेवियरचं शव चांदीच्या पेटीत आहे, तो १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला होता. पेटी गोव्यातल्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली, आणि खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या ड्यूकने पाठवला, तो १६९८ मध्ये इथे जोडला. पेटी उंचावर आहे, म्हणून जवळ जाऊन ढकलाढकली करण्यापेक्षा थोडं लांब उभं राहून बघा. दर दहा वर्षांनी शव दर्शनाला खाली आणतात, मागचं दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असं झालं.

मला मात्र सगळ्यात जास्त बाहेरची भिंत आवडली. सगळी चर्च पांढरी, हे एकच तांबडं का, असं पोरांनी विचारलं. हा जांभा दगड आहे, आपल्या काळ्या दगडासारखा टणक नाही, बोट फिरवलं तर बारीक बारीक भोकं लागतात, मुंग्यांच्या वारुळासारखी. १९५० च्या दशकात बाहेरचा गिलावा काढून टाकला म्हणून तो उघडा पडला. आमचे आबा धाब्याच्या घरात वाढलेले, दर पावसाळ्याआधी पांढरी माती चढवायची हे त्यांच्या हाताला माहीत. ते बराच वेळ भिंतीला तळहात लावून उभे राहिले आणि म्हणाले, गिलावा काढला म्हणजे भिंत पाणी पिणार, चार महिने पाऊस आहे इथे. आणि खरंच, दगड झिजतोय, पुन्हा गिलावा द्यायचा का यावर तिथे वाद चालू आहे हे मी त्यांना नंतर वाचून दाखवलं. पुस्तक न वाचता माणसाला कळतं ते असं.

रस्ता ओलांडला की समोर से कॅथेड्रल. बांधायला १५६२ ला घेतलं, १६१९ ला इमारत झाली. संत कॅथरिनच्या नावाने, कारण पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने तिच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० ला, हे शहर आदिलशहाकडून जिंकलं. समोरून बघितलं की एकाच बाजूला मनोरा आहे, दुसरा १७७६ मध्ये पडला. बाजूलाच असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च, आतल्या जमिनीवर थडग्यांचे कोरलेले दगड आहेत, पाय जपून टाका. तिथल्या मठातच ते म्युझियम. त्यात कदंब राजांच्या काळातल्या मूर्ती आणि वीरगळही आहेत, ते चुकवू नका, म्हणजे हा प्रदेश पोर्तुगीजांच्या आधी कोणाचा होता हे डोळ्यांनी दिसतं.

जेवण करून म्हाताऱ्यांना सावलीत तासभर बसवा. मग ज्यांच्यात दम आहे त्यांनी टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांकडे जा. १६०२ चा मनोरा, ४६ मीटर उंच, आता अर्धाच उभा आहे. १८४२ मध्ये छत कोसळलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. आमच्या एरंडोलजवळच्या फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्याचा एक मनोरा पडलेला बघून जसं वाटतं तसंच इथे वाटलं. याच अवशेषांत जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या, डीएनए तपासून खात्री झाली आणि २०२१ मध्ये भारताने त्यातला भाग त्या देशाला दिला.

सूर्य उतरताना जवळच्याच रोझरी चर्चच्या अंगणात थांबा. खाली मांडवी, पलीकडे दिवाडीची टेकडी आणि तिच्यावरचं चर्च. एवढं दोन लाख वस्तीचं शहर म्हणायचे जुन्या गोव्याला, आणि साथीचे रोग येऊन येऊन लोक सोडून गेले, शेवटी १८४३ मध्ये राजधानी पणजीला नेली. त्या अंगणात बसून हे पोरांना सांगा, गाडीत सांगू नका.

तिसरा दिवस: दिवाडी, पायी फेरीने

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयची कमान आहे, त्या कमानीखालून सरळ गेलं की धक्का. पोर्तुगीज गव्हर्नर नदीतून येऊन याच कमानीतून शहरात शिरायचे. चालत जाणाऱ्याला फेरीचे पैसे लागत नाहीत, गाडीला लागतात, आणि नदी ओलांडायला मोजकी मिनिटं लागतात.

पहिल्या वेळी आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरसकट जायला निघालो, ड्रायव्हर म्हणाला घेऊन जाऊ, काय अवघड आहे. फेरीत गाड्यांना जागा मोजकी, स्थानिक लोकांची कामाची घाई, आमच्यासमोरून दोन फेऱ्या गेल्या आणि म्हातारी माणसं गाडीत घामाघूम. शेवटी गाडी तिथेच ठेवली आणि सगळे उतरून चालत चढलो, तो निर्णय आधीच घ्यायला पाहिजे होता. जिथे राहतोय त्या घरवाल्याकडून किंवा ओळखीने पलीकडच्या काठावर दोन रिक्षा किंवा एक व्हॅन आदल्या दिवशी सांगून ठेवा, धक्क्यावर उभी मिळेलच असं नाही. पोरांनी सायकल घ्यावी, रस्ते सपाट आहेत.

फेरी लागायच्या आधी अक्का धक्क्याच्या पायऱ्यांवर बसली, आपल्याकडे नदी दिसली की करतात तसं ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि ओठांनाही लागलं असणार, कारण एकदम वळून म्हणाली, "आव माय, हाई पानी ते खारं शे!" तिला नदी खारी असते हे माहीतच नव्हतं. मांडवीत भरतीला समुद्राचं पाणी खूप आत येतं, आणि म्हणून इथल्या नदीकाठच्या शेतांना खाजण म्हणतात, खाऱ्या पाण्याला अडवणारे मातीचे बांध आणि त्यात उघडझाप होणारी लाकडी दारं, त्यांना मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार बंद, ओहोटीला आतलं पाणी बाहेर. वीज नाही, मोटर नाही. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून आयुष्य काढलेल्या आमच्या आबांनी आणि जिभाऊंनी त्या एका मानसजवळ अर्धा तास घालवला, मला त्यांना हलवता आलं नाही आणि हलवायचंही नव्हतं. शेतकरी माणसं बरोबर असतील तर ही गोष्ट प्लॅनमध्ये लिहूनच ठेवा.

दिवाडीच्या टेकडीवर पिएदाद गावात करुणामयी मातेचं चर्च आहे, वरून जुन्या गोव्याचे सगळे मनोरे एका नजरेत येतात. जवळच्या दफनभूमीतल्या छोट्या चॅपलमध्ये कदंबकालीन देवळाचं कोरीव काम अजून दिसतं. तिथे जाताना कोणाला तरी विचारून जा, लोकांची माणसं तिथे पुरलेली आहेत.

आता जरा नाजूक विषय. याच बेटावर कदंबांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर होतं, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते देऊळ पाडलं, आणि भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावी नेलं. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला, दारावर तसा शिलालेख आहे, आणि अलीकडे गोवा सरकारने दुरुस्ती करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं केलं. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला फेरी जाते. आम्ही सकाळी चर्च आणि दुपारनंतर सप्तकोटीश्वर असं एकाच दिवशी केलं आणि मला वाटतं हेच बरोबर आहे. ग्रुपमध्ये यावरून वाद होणार, आमच्यातही झाला, कोणी म्हणालं मग चर्च बघायचीच कशाला. माझं म्हणणं एवढंच की जे झालं ते लपवायचं नाही, सगळं नीट सांगायचं, पण आज त्या चर्चमध्ये गुडघे टेकून बसलेली म्हातारी बाई ही आपल्या अक्कासारखीच आहे, तिच्या समोर उभं राहून मोठ्याने हे बोलायचं नाही. बोलायचं ते फेरीत, किंवा संध्याकाळी खोलीवर.

नार्व्याला धक्क्यापासून देवळापर्यंत रिक्षाची सोय आधी करा, आणि परतीची शेवटची फेरी किती वाजता ते चढतानाच फेरीवाल्याला विचारून घ्या.

चौथा दिवस: चोडण आणि भरती-ओहोटीचं गणित

रायबंदरहून चोडणला फेरी जाते. उतरलं की जवळच सलीम अली पक्षी अभयारण्य, पावणेदोन चौरस किलोमीटरचंच आहे पण सगळं खारफुटीचं. आत होडीने फिरायचं तर पाणी पाहिजे आणि पाणी भरतीवर. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज आठला भरती तर उद्या नऊच्या जरा आधी. आदल्या दिवशी वन खात्याच्या माणसाला किंवा होडीवाल्याला भरतीची वेळ विचारा आणि मगच नाष्ट्याची वेळ ठरवा. भरतीला होडी आतल्या अरुंद वाटांमध्ये शिरते, ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि त्यावर खंड्या, बगळे आणि चिखलात उड्या मारणारे छोटे मासे दिसतात. भरती उतरायला लागते तेव्हाची वेळ आम्हाला मिळाली, दोन्ही दिसलं.

होडीत बोलायचं नाही हे पोरांना आधी सांगा, लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला, आबांनीही. पाण्यात हात-पाय सोडायचे नाहीत, कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत आणि तेच पाणी इकडे येतं. हे मला अक्काने ओंजळ भरल्यानंतर दोन दिवसांनी कळलं.

पणजीहून संध्याकाळी नदीत मोठ्या बोटी फिरवतात, त्यावर इतका मोठा आवाज असतो की नदी काही दिसत नाही. आम्ही गेलो नाही. त्याऐवजी रायबंदर-चोडण फेरीने सूर्यास्ताला नुसतं जाऊन परत आलो, तोच आमचा क्रूज.

पैसे आणि माणसं सांभाळणं

निघायच्या आधी प्रत्येक घराकडून सारखी रक्कम गोळा करून एकाच्याच हातात द्या आणि दुसऱ्याला वहीत लिहायला लावा, दोन्ही कामं एका माणसाकडे नकोत. दारूचा विषय घरी असतानाच स्पष्ट बोला, आमच्यात ठरलं होतं की ज्याला घ्यायची त्याने रात्री खोलीवर आणि स्वतःच्या पैशाने. रोज रात्री दहा मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसून उद्या किती वाजता, कोण येणार, कोण आराम करणार हे ठरवा. आमच्या वहिनी एक दिवस आल्याच नाहीत, खोलीवर झोपल्या, त्याचं कोणी मनाला लावून घेतलं नाही.

परत येताना

परतीची गोवा एक्सप्रेस वास्कोहून दुपारी सुटते, म्हणजे कुळे ते कॅसलरॉक हा घाट उजेडात किंवा तिन्हीसांजेला मिळतो आणि ३१० मीटर उंचीचा दूधसागर गाडीतूनच दिसतो, जानेवारीत पाणी कमी असतं पण असतं. गोव्याला जाताना तो अंधारात जातो म्हणून हिरमुसू नका. घाटात दारात उभं राहायला कोणाला देऊ नका. बेळगाव गेलं की उरलेल्या दशम्या संपवा, नाहीतर त्यांना वास येतो, आणि हिशोबाची वही उघडा. पुणं यायच्या आत सगळ्यांचे उरलेले पैसे परत देऊन टाका, भुसावळला उतरल्यावर सगळे आपापल्या बॅगा घेऊन पळतात आणि मग तो हिशोब पुढच्या लग्नापर्यंत राहतो.